एका शाळेचे दोन प्रॉम : इटावाम्बा काउंटी, मिसिसिपी, २०१०

२ एप्रिल २०१० च्या संध्याकाळी अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या इटावाम्बा काउंटीत एकाच शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी दोन ठिकाणी प्रॉम, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतला औपचारिक नृत्यसमारंभ, झाला. फुल्टन गावच्या कंट्री क्लबमधील प्रॉमला सात विद्यार्थी आले. त्याच काउंटीतील दुसऱ्या एका वस्तीत पालकांनी गाजावाजा न करता भरवलेल्या प्रॉमला बाकीचे बहुतेक सगळे गेले. पहिल्या ठिकाणी आलेल्या सातांमध्ये कॉन्स्टन्स मॅकमिलन ही अठरा वर्षांची समलिंगी विद्यार्थिनी होती आणि दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता तिला कोणीही दिलेला नव्हता. त्या संध्याकाळपर्यंत गोष्टी कशा गेल्या, शाळेने, पालकांनी आणि न्यायालयाने कोणता निर्णय कधी व का घेतला आणि त्यातून प्रॉम या प्रथेच्या अर्थाविषयी काय कळते, हे येथे तपासायचे आहे.

या प्रकरणाकडे बहुतेकांनी एका समलिंगी मुलीच्या हक्कांचा लढा म्हणून पाहिले आणि ते योग्यच होते. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रॉम भरवण्याची जबाबदारी शाळेने सोडली त्या दिवशी निमंत्रितांची यादी कोणाच्या हाती गेली आणि ती हाती आल्यावर त्यांनी काय केले, हा या प्रकरणाचा गाभा आहे, असे मला वाटते.

प्रॉम कोणाचा असतो

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. वसंत ऋतूत, साधारणपणे मार्चअखेर ते मे महिन्यात, अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळा जो औपचारिक नृत्यसमारंभ भरवते तो प्रॉम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईशान्येकडील महाविद्यालयांतून ही प्रथा निघाली, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हायस्कुलांमध्ये रुजली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शाळेच्या जिमखान्यातून निघून हॉटेले व क्लबांपर्यंत पोचली. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची कन्या सुझन हिच्या शाळेचा प्रॉम थेट व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये भरला होता. देशाच्या सर्वोच्च निवासस्थानाचे दार ज्यासाठी उघडले जाते, तो समारंभ केवळ मुलांची मौज राहिलेला नसतो, हे यावरून सहज ध्यानात येईल.

आपल्याकडच्या निरोप समारंभाशी त्याची तुलना करता येईल, पण ती फार पुढे नेता येत नाही. निरोप समारंभात शिक्षक बोलतात आणि विद्यार्थी ऐकतात. प्रॉममध्ये मात्र सतरा-अठरा वर्षांची मुले प्रथमच प्रौढांच्या वेशात गावासमोर उभी राहतात आणि गाव त्यांना तसे पाहून घेते. मुलगा भाड्याने आणलेला टक्सेडो, म्हणजे पुरुषांचा औपचारिक सूट, घालून मुलीच्या घरी जातो, तिच्या मनगटावर फुलांचा छोटा गुच्छ बांधतो, तिची आई त्याच्या कोटाला फूल लावते आणि घरासमोरच्या हिरवळीवर आजी-आजोबांसह फोटो काढले जातात. मुलीचा पोशाख कित्येक आठवडे आधी ठरलेला असतो आणि तिकिटांची विक्री शाळेतच होते. सभागृहात शिक्षक देखरेखीला असतात आणि मतदानाने निवडलेल्या राजा-राणीच्या डोक्यावर मुकुट चढतो. एखाद्या लहान गावात फुलवाला, शिंपी, केशभूषाकार, छायाचित्रकार आणि शेजारपाजार असे सगळेच या एका संध्याकाळच्या तयारीत गुंतलेले असतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही मुलगा वा मुलगी अकरावीत गेली की या संध्याकाळचा विचार करावाच लागतो. जोडीने जायचे की मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात, पोशाख केवढ्याचा घ्यायचा, परत किती वाजता यायचे, यांवर स्वयंपाकघरात चर्चा झडतात. पण या चर्चांमध्ये एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असते : मूल त्या शाळेत शिकते, तेव्हा त्याला तिकीट मिळणारच. कोणाची आई कोणाशी बोलते, कोणते कुटुंब कोणत्या चर्चमध्ये जाते, कोणाच्या घरी पैसा किती आहे, यांपैकी काहीही त्या तिकिटाच्या आड येत नाही, निदान येऊ नये. वाढदिवसाच्या मेजवानीला यजमान आपल्या पसंतीची माणसे बोलावतो आणि त्यात गैर काही नाही. शाळेच्या प्रॉमला मात्र यजमान शाळा असते आणि शाळेला नावडते विद्यार्थी असू शकत नाहीत. प्रॉमचे सामाजिक मोल मला या एका गोष्टीत दिसते. बाकीचा थाट महागडा असो वा साधा, तो दुय्यम आहे.

डिसेंबर ते मार्च

इटावाम्बा ही मिसिसिपीच्या ईशान्य टोकाला, अलाबामा राज्याच्या सीमेला लागून असलेली काउंटी आहे. २०१० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे तेवीस हजार आणि फुल्टन या मुख्य गावाची सुमारे चार हजार होती. जवळचे मोठे शहर म्हणजे पश्चिमेकडचे टूपेलो, एल्विस प्रेस्ली याचे जन्मगाव. हा सगळा परिसर धार्मिकदृष्ट्या अतिशय परंपरानिष्ठ मानला जातो आणि अमेरिकन फॅमिली असोसिएशन या समलिंगी हक्कांच्या कट्टर विरोधक संघटनेचे मुख्यालयही टूपेलोतच आहे. अशा ठिकाणी कॉन्स्टन्स आठवीपासून आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगत आली होती. फुल्टनमधील इटावाम्बा अॅग्रिकल्चरल हायस्कूलमध्ये ती बारावीत होती आणि तिची मैत्रीण, म्हणजे तिची प्रेयसी, त्याच शाळेत दोन वर्षे मागे शिकत होती.

डिसेंबर २००९ मध्ये तिने मैत्रिणीला प्रॉमला आणण्याची परवानगी शाळेकडे मागितली. उत्तर नकारार्थी आले. ५ फेब्रुवारी २०१० रोजी शाळेने विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनापत्रात, प्रॉमला सोबत आणायची व्यक्ती भिन्नलिंगी असलीच पाहिजे, असे स्पष्ट नमूद केले. त्यानंतरच्या बोलण्यांतून आणखी अटी पुढे आल्या. दोघी वेगवेगळ्या आल्या तर चालेल, पण जोडी म्हणून येता येणार नाही. टक्सेडो मुलींसाठी नाही. कोणी विद्यार्थ्याने तक्रार केलीच, तर त्यांना बाहेर काढले जाऊ शकते.

या शेवटच्या अटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. तिने काही गैरवर्तन केले तर बाहेर काढू, असे शाळेचे म्हणणे नव्हते, तर दुसऱ्या कोणाला तिचे असणे खटकले तरी पुरे होते. एका विद्यार्थिनीचे सभागृहातील स्थान बाकी सर्वांच्या मर्जीवर टांगून ठेवणारा हा नियम होता. शाळेचा समारंभ पालकांच्या हाती जाण्याआधीच शाळेने त्याला मनाने खासगी करून टाकले होते, ते येथे.

मार्चच्या आरंभी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने शाळेच्या जिल्हा प्रशासनाला पत्र पाठवून ही बंदी घटनाबाह्य असल्याचे कळवले आणि उत्तरासाठी १० मार्चपर्यंतची मुदत दिली. १० मार्चला शाळा मंडळाने नियम बदलला नाही, तर प्रॉमच रद्द केला. अलीकडच्या घडामोडींमुळे शिक्षणात व्यत्यय येत असल्याचे कारण मंडळाने दिले आणि गावातील खासगी व्यक्तींनी पुढे येऊन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम करावा, अशी आशाही त्याच निवेदनात व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या धीराच्या शब्दांवर कॉन्स्टन्स शाळेत गेली, तेव्हा शेवटचे वर्ष वाया घालवल्याबद्दल एका विद्यार्थ्याने तिचे खोचक आभार मानले. अशा शब्दांचा भार अठराव्या वर्षी किती असतो, हे कोणालाही समजू शकेल. प्रॉम रद्द करण्याचा निर्णय प्रौढांनी घेतला होता. नियम प्रौढांचा, निवेदन काढणारेही प्रौढच. दोष मात्र एका विद्यार्थिनीच्या माथी आला आणि तो तसा येईल, हे मंडळाला आधी दिसले नसेल, असे मानणे कठीण आहे. सर्वांचा आनंद हिरावून घ्यायचा आणि त्याचे कारण म्हणून एकीकडे बोट दाखवायचे, याने शिक्षा देण्याचे काम वर्गाकडूनच करून घेतले जाते.

न्यायालयात

११ मार्चला मिसिसिपीच्या उत्तर जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. प्रॉम ठरलेल्या तारखेला, म्हणजे २ एप्रिललाच भरवण्याचा आदेश शाळेला द्यावा, अशी अंतरिम मागणी होती. न्यायाधीश ग्लेन डेव्हिडसन यांनी २३ मार्चला निर्णय दिला.

या निर्णयाची दोन अंगे आहेत आणि ती एकमेकांविरुद्ध जाताना दिसतात. हक्काच्या प्रश्नावर न्यायाधीशांनी विद्यार्थिनीची बाजू निःसंदिग्धपणे मान्य केली. टक्सेडो घालून आणि आपल्या मैत्रिणीसह प्रॉमला येऊन तिला स्वतःविषयी काही सांगायचे होते आणि अशी अभिव्यक्ती अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीच्या संरक्षणात पूर्णपणे बसते, असे त्यांनी लिहिले. याला आधार होता तो तीस वर्षांपूर्वीच्या ऱ्होड आयलंड राज्यातील एका निकालाचा, ज्याकडे पुढे वळू.

अंतरिम आदेश मात्र त्यांनी नाकारला. अमेरिकी कायद्यात असा आदेश मिळवण्यासाठी चार गोष्टी दाखवाव्या लागतात : दावा जिंकण्याची दाट शक्यता, भरून न निघणारी हानी, दोन्ही बाजूंच्या त्रासाचा तोल आणि सार्वजनिक हित. पहिल्या तीन कसोट्यांवर विद्यार्थिनी उतरली, असे न्यायालयाने म्हटले. चौथीवर ती अडली, कारण दरम्यान पालकांनी २ एप्रिललाच टूपेलोत एक प्रॉम ठरवला होता आणि तो शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला असल्याचे प्रतिवादींनी न्यायालयाला सांगितले होते. तेव्हा आता शाळेला पुन्हा मध्ये ओढल्याने गावात गोंधळच वाढेल, असे न्यायालयाचे मत पडले.

न्यायाधीशांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हक्क मान्य करणारा त्यांचा परिच्छेद पुढे शाळेला नमवण्यास पुरेसा ठरला. तरीही चौथ्या कसोटीवरचे त्यांचे उत्तर चुकीच्या गृहीतकावर उभे होते, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. शाळेचा प्रॉम आणि पालकांचा प्रॉम या एकमेकांच्या जागी ठेवता येण्याजोग्या गोष्टी आहेत, हे ते गृहीतक. राज्यघटना शासनाला आणि शासनाच्या संस्थांना बांधते. सरकारी शाळेने एका विद्यार्थ्याला तिकीट नाकारले तर न्यायालयात दाद मागता येते. पालकांच्या एका गटाने कोणाला बोलावले नाही, तर राज्यघटनेच्या या तरतुदीखाली कोणाकडेही दाद मागता येत नाही. म्हणजे २३ मार्चला विद्यार्थिनीला हक्क असल्याचे सांगितले गेले आणि त्याच निर्णयाने तिला अशा सभागृहाकडे पाठवले गेले, जेथे तो हक्क लागूच पडत नव्हता. सर्वांना निमंत्रण आहे, या शब्दाखेरीज तिच्या हाती काहीही नव्हते आणि तो शब्द पाळण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

कंट्री क्लबमधले सात जण

टूपेलोचा प्रॉम रद्द झाला. मग प्रॉम फुल्टनच्या कंट्री क्लबमध्ये होणार असल्याची माहिती कॉन्स्टन्सपर्यंत पोचली. मैत्रीण घरच्यांच्या विरोधामुळे येऊ शकत नव्हती, म्हणून कॉन्स्टन्स दुसऱ्या एका मुलीला घेऊन गेली. तेथे शाळेचे मुख्याध्यापक आणि काही शिक्षक देखरेखीला हजर होते, पण देखरेख करण्याइतके विद्यार्थीच नव्हते. सगळे मिळून सात. बाकीच्या मुलांचे दुसऱ्या प्रॉममधील फोटो लवकरच इंटरनेटवर फिरू लागले आणि काय घडले ते साऱ्या देशाला कळले.

त्या सातांमध्ये शिकण्यात अडचणी असलेले दोन विद्यार्थी होते. नंतर एका नियतकालिकाशी बोलताना कॉन्स्टन्सने त्यांचा आवर्जून उल्लेख केला. त्या दोघांना त्या संध्याकाळी मनापासून मजा आली आणि कोणी हसेल याची काळजी त्यांना करावी लागली नाही, एवढे तरी चांगले यातून निघाले, अशा अर्थाचे तिचे म्हणणे होते. स्वतःवर इतका अन्याय झालेला असताना तिला ही गोष्ट दिसली आणि सांगावीशी वाटली, यातून तिच्या स्वभावाचे जे दर्शन होते ते मला सर्व निकालपत्रांहून मोलाचे वाटते.

या दोन विद्यार्थ्यांविषयी थोडे थांबून विचार करायला हवा, कारण वर्तमानपत्रांनी त्यांना एका ओळीपलीकडे जागा दिली नाही. त्यांचा टक्सेडोशी, लैंगिकतेशी वा न्यायालयीन दाव्याशी काहीही संबंध नव्हता. त्यांच्याविरुद्ध कोणी सूचनापत्र काढलेले नव्हते. त्यांना वगळावे, असे कोणी ठरवले असेलच असेही नाही. एवढेच खरे की जेव्हा बातमी एकाकडून दुसऱ्याकडे, घराघरांतून आणि फोनवरून, आपापल्या माणसांत पसरवायची असते, तेव्हा जे कोणाच्याच आपल्या माणसांत नसतात त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. शाळेच्या फलकावर लागलेली सूचना सर्वांसाठी असते. ज्या मुलाला शाळेच्या सुट्टीत कोणी सोबत घेत नाही, त्यालाही ती वाचता येते. तो फलक काढून घेतला की त्या मुलाचा गावाशी असलेला एक धागा तुटतो आणि तुटला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वगळण्याची यंत्रणा एका व्यक्तीसाठी उभारली जाते, पण ती एका व्यक्तीपाशी थांबत नाही, याचे इतके लख्ख उदाहरण क्वचितच सापडेल.

पालकांची बाजू समजून घ्यायला हवी. मुलांची शेवटची संध्याकाळ दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी गिळून टाकू नये, ही त्यांची इच्छा स्वाभाविक होती. कोणत्याही आई-बापांना ती असेल. देशभरच्या वाहिन्या एका छोट्या गावावर उतरल्या होत्या आणि ज्या मुलांनी काहीच केले नव्हते त्यांच्याविषयीही बाहेरचे लोक वाटेल ते लिहीत होते. परंतु कॅमेरे टाळण्यासाठी एका मुलीला खोट्या पत्त्यावर पाठवावे लागत नाही. कॅमेऱ्यांना दारात अडवता आले असते. आणि आपल्या वर्गमैत्रिणीला चुकवून कोठे जायचे, ही गोष्ट वर्गातल्या मुलांना कानोकानी कळवताना प्रौढांनी त्यांना काय शिकवले, हा प्रश्न त्या संध्याकाळच्या सर्व फोटोंपेक्षा अधिक टिकणारा आहे.

ही वाट नवी नव्हती

सार्वजनिक गोष्ट सर्वांसाठी खुली करायची वेळ आली की तीच बंद करायची आणि मग खासगी हातांनी ती निवडक लोकांसाठी चालू ठेवायची, ही युक्ती मिसिसिपीने २०१० साली शोधून काढली नाही. राज्याची राजधानी असलेल्या जॅक्सन शहराने १९६० च्या दशकात पोहण्याचे सार्वजनिक तलाव काळ्या नागरिकांना खुले करण्याऐवजी बंद केले होते. शहराने भाड्याने घेतलेला एक तलाव मूळ खासगी संस्थेकडे परत गेला आणि तेथे गोरे लोक पोहत राहिले. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी शहराचा निर्णय वैध ठरला. तलाव सर्वांनाच बंद आहे, मग भेदभाव कोठे, असा तो युक्तिवाद होता.

प्रॉमच्या बाबतीत तर ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. ऑक्टोबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतील शाळांचे एकत्रीकरण ताबडतोब करण्याचा आदेश दिला. त्यानंतर दक्षिणेतील अनेक गावांत शाळांनी प्रॉम भरवणेच सोडून दिले आणि गोऱ्या मुलांचा एक व काळ्या मुलांचा एक असे दोन प्रॉम पालकांच्या नावावर होऊ लागले. वर्षभर एका बाकावर बसणारी, एका संघातून फुटबॉल खेळणारी मुले त्या एका रात्री वेगळी होत. मिसिसिपीतील चार्ल्सटन गावच्या हायस्कूलचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या परिसरात राहणारे अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ साली एकत्रित प्रॉमचा सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखवली, पण कोणी ती मनावर घेतली नाही. २००८ साली त्यांनी पुन्हा विचारले, या वेळी विद्यार्थ्यांनी होकार दिला आणि शाळा एकत्र होऊन जवळजवळ चार दशके उलटल्यावर पहिला एकत्र प्रॉम पार पडला. त्याही वर्षी काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा प्रॉम भरवलाच. इटावाम्बाची घटना त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच राज्यात घडली. तेव्हा १० मार्चच्या निवेदनातील खासगी व्यक्तींना केलेले आवाहन वाचताना तेथील कोणत्याही जाणत्या माणसाला ही वाट कोठे जाते हे माहीत असणार.

मराठी वाचकाला येथे महाडची आठवण होईल. चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला होता. मार्च १९२७ मधील सत्याग्रहानंतर तो मागे घेतला गेला आणि वर्षअखेरीस तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा न्यायालयात गुदरण्यात आला. त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. पाण्याचा हक्क आणि एका नृत्याची संध्याकाळ यांची बरोबरी कोणी करणार नाही आणि मीही करत नाही. पण ज्या क्षणी सर्वांना येऊ द्यावे लागते, त्याच क्षणी ती वस्तू खासगी असल्याचे कोणाला तरी आठवते, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. न्यायालयाने त्या आठवणीची शहानिशा करायची की तिच्यावर विश्वास ठेवायचा, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

शाळेसमोर दुसरा मार्ग होता का

होता, आणि तो तीस वर्षे आधी चोखाळला गेला होता. १९८० साली ऱ्होड आयलंडमधील कम्बरलँड हायस्कूलचा विद्यार्थी अॅरन फ्रिक याने एका मुलाला सोबत घेऊन प्रॉमला येण्याची परवानगी मागितली. मुख्याध्यापकांनी सुरक्षेचे कारण देऊन नकार दिला आणि ते कारण पोकळ नव्हते, कारण ही मागणी उघड झाल्यावर फ्रिकला शाळेतच मारहाण झाली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर टाके घालावे लागले होते. न्यायाधीश रेमंड पेटीन यांनी ही भीती खरी मानली आणि तरीही निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. दुसरे लोक हिंसा करतील म्हणून बोलणाऱ्याला गप्प करणे म्हणजे हिंसा करणाऱ्यांच्या हाती निर्णय देणे होय, शाळेने बंदोबस्त वाढवावा आणि त्या विद्यार्थ्याला येऊ द्यावे, असा त्या निकालाचा आशय होता. फ्रिक त्या वर्षीच्या प्रॉमला गेला. कोणताही अनर्थ झाला नाही.

इटावाम्बाच्या शाळेला यातले बंदोबस्ताचे ओझेही बहुधा उचलावे लागले नसते. तिला एका सूचनापत्रातील एक ओळ मागे घ्यायची होती. तसे झाले असते तर गावातील काहींनी नाके मुरडली असती, काही पालकांनी आपल्या मुलांना घरी ठेवले असते आणि दोन मुली एका सभागृहात इतर जोड्यांमध्ये नाचल्या असत्या. वाहिन्यांना दाखवण्याजोगे त्यात फार काही नव्हते. काही पालकांनी आपला वेगळा कार्यक्रम केला असता तरी शाळेचा फलक आणि शाळेचे तिकीट जागेवर राहिले असते, आणि कंट्री क्लबमधील त्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या वर्गाबरोबर नाचता आले असते.

मंडळाने दिलेले शिक्षणातील व्यत्ययाचे कारणही या प्रकाशात तपासता येते. प्रॉम रद्द झाल्याने व्यत्यय थांबला नाही, तो काही पटींनी वाढला : न्यायालयीन दावा, देशभरची प्रसिद्धी, एका वर्गातील कायमची फूट. आणि अखेरीस त्रास इतका झाला की कॉन्स्टन्सने शेवटचे आठवडे दुसऱ्या शाळेत जाऊन शिक्षण पूर्ण केले. ज्या मुलीला आपल्या शाळेचा प्रॉम हवा होता, तिला आपली शाळाच सोडावी लागली.

पुढे काय झाले

८ मे २०१० रोजी टूपेलोमध्ये मिसिसिपी सेफ स्कूल्स कोअॅलिशन या संस्थेने राज्यभरातील समलिंगी विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी स्वतंत्र प्रॉम भरवला. काही नामवंत संगीतकारांनी त्याला हातभार लावला. त्याचे महत्त्व मोठे होते, विशेषतः ज्यांनी आपल्या गावी विचारण्याचे धाडसही केले नसते अशा मुलांसाठी. पण तो शाळेचा प्रॉम नव्हता आणि तसा असल्याचा दावाही कोणी केला नाही. परक्यांनी दिलेला मान आणि आपल्यांनी दिलेली जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्स्टन्सला त्या वर्षी मान भरपूर मिळाला : दूरचित्रवाणीवर मुलाखती, शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कच्या प्राइड मिरवणुकीत अग्रस्थान. तिने डिसेंबरमध्ये मागितले होते ते यांपैकी काहीच नव्हते.

२० जुलै २०१० रोजी शाळेच्या जिल्हा प्रशासनाने आपल्याविरुद्ध निकाल नोंदवला जाण्यास संमती दिली. पस्तीस हजार डॉलर नुकसानभरपाई आणि वकिलांचा खर्च देण्याचे मान्य झाले. याशिवाय लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून भेदभाव वा छळ होणार नाही, असे धोरण जिल्ह्याने स्वीकारले. मिसिसिपीतील सरकारी शाळांमध्ये असे धोरण त्याआधी कोठेही नव्हते, असे तिच्या वकिलांच्या संघटनेने तेव्हा सांगितले.

हे धोरण शाळेला बांधते. वर्ग, मैदान, बस, ग्रंथालय आणि शाळा जो समारंभ भरवील तो समारंभ, या सर्वांना ते लागू आहे. दुसऱ्या ठिकाणचा प्रॉम भरवणारे पालक मात्र दाव्यात पक्षकार नव्हते. त्यांच्यावर कोणताही आदेश झाला नाही, होऊही शकत नव्हता. म्हणून या समझोत्याचे खरे बळ एका अटीवर अवलंबून आहे : प्रॉम शाळेनेच भरवला पाहिजे. पुढच्या एखाद्या वर्षी एखादे शाळा मंडळ, येथे वा दुसऱ्या राज्यात, वाद नको म्हणून प्रॉम पालकांकडे सोपवायला निघेल, तेव्हा तेथील शिक्षकांनी आणि पालकांनी विचारायचा प्रश्न सोपा आहे : निमंत्रणाची सूचना शाळेच्या फलकावर लागणार आहे की नाही?